३,५०० ची घोंगडी: सोलापुरातल्या एका बाजाराचं प्रकरण

डिसेंबर २०२४ च्या तिसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही दहा जणांनी मिळून जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात दोन दिवसांचा बाजार भरवला, त्यात धनगरी घोंगड्या, लमाणी भरतकाम, कैकाडी टोपल्या, गजीढोल (ढोलाच्या तालावरचा धनगरी नाच), हलगी, हुरडा, कडक भाकरी असं सगळं एका जागी होतं आणि अट एकच होती, करणाऱ्याला त्याच्या कामाचे पूर्ण पैसे मिळायला पाहिजेत. हिशोबाची वही माझ्याकडे होती. दोन दिवसांत बरंच काय काय झालं, पण मी इथं मुख्यतः एका स्टॉलचं लिहितेय, सांगोल्याकडून आलेल्या घोंगडीवाल्या काका-मावशींचं, कारण आमचं काय जमलं आणि काय बिघडलं ते सगळं त्या एका स्टॉलवर उघड दिसलं. नावं कुणाचीच देत नाही, ती माणसं तशी ओळखीची आहेत आणि त्यांना न विचारता त्यांच्या घरचा हिशोब नावानिशी मांडणं मला बरं वाटत नाही.

आधी बॅनरचं सांगते

पहिला बॅनर छापून आला त्यावर ‘आदिवासी कला बाजार’ असं होतं. मुळेगाव तांड्यावरचा एक लमाणी भाऊ स्टॉलची जागा बघायला आलेला, त्यानं वाचलं आणि म्हणाला, “ताई, आम्ही महाराष्ट्रात विमुक्त जातीत येतो. आमचे पाहुणे तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात गेलं की अनुसूचित जातीत. तुम्ही आम्हाला कुठल्या पाटीखाली बसवणार ते आधी ठरवा.” त्याचं शंभर टक्के खरं होतं. धनगर आपल्याकडे भटक्या जमातीत, एसटीत घ्या म्हणून त्यांची मागणी किती वर्षांची आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. आणि कैकाडी, टकारी, पारधी यांची सोलापुरातली ओळख म्हणजे सेटलमेंट. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पुढं काटेरी तारेच्या आतल्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमधे, ठेवून हजेरी घेतली, आणि तो गुन्हेगारीचा शिक्का कायद्यानं पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आजही आपण ‘सेटलमेंट’ म्हणतो तेव्हा फक्त रिक्षाचा स्टॉप सांगत असतो, पण ज्यांचे आजोबा तिथं हजेरी द्यायचे त्यांना तो शब्द कसा लागत असेल याचा विचार मी तरी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. बॅनर परत छापला, त्यावर ‘हातानं केलेलं’ एवढंच लिहिलं. बाराशे रुपये गेले, ते गेले ते बरंच झालं.

नोव्हेंबरातला हिशोब

किंमत ठरवायला आम्ही तिघं जण सांगोल्याकडे त्यांच्या घरी गेलो होतो. ओसरीत खड्ड्याचा माग, जमिनीत कमरेएवढा खड्डा, काका त्यात पाय सोडून बसलेले, भिंतीला टेकून लोकरीचा काळा ढीग. काकांना विचारलं घोंगडी कितीला देता, म्हणाले यात्रेत सतराशे, कुणी लई ओढलं तर पंधराशे. मग मी वही काढली आणि एकेक काम लिहायला घेतलं. लोकर विकत घ्यायची, धुवायची, उन्हात वाळवायची, काटेकुसळं वेचायची, पिंजायची, कातायची, ताणा घालायचा, चिंचोके भिजवून वाटून त्यांची खळ शिजवायची, ती कुंच्यानं ताण्यावर मारायची, वाळू द्यायची आणि मग विणायचं. काका सगळ्याला तास सांगत होते, खळ-ताण्याला इतके, विणायला तीन दिवस. कातायचं आलं तसं थांबले.

“काका, सूत कातायला किती दिवस जातात?”

“ते ही कातती की. बसल्या बसल्या.”

“पण दिवस किती?”

“आता ते काय मोजायचं व्हय.”

आतनं, चुलीपासनं मावशींचा आवाज आला, “धा दीस. दुपारचं रोज पाच तास धरा.”

काका काही बोलले नाहीत. मी लिहिलं, पन्नास तास. धुणं-पिंजणं-ताणा-खळ मिळून पंधरा तास, विणायचे रोजचे सात धरून तीन दिवसांचे एकवीस, म्हणजे एकूण शहाऐंशी. त्यातले पन्नास, अर्ध्याहून जास्त, आजवर कुठल्याच किमतीत नव्हते. घरात तीन पिढ्या माग चालू आहे आणि तीन पिढ्या कातणाऱ्या बायकांची मजुरी शून्य धरली गेलीय, आणि हे काका काही वाईट माणूस आहेत म्हणून नाही, घरातल्या बाईचं काम मोजायचं असतं हे कुणी कधी म्हटलंच नाही. विडी कामगार बायकांच्या या गावात राहून, हजार विड्यांची मजुरी किती यावर निघालेले मोर्चे लहानपणापासून बघून, हे मला तरी आधीच सुचायला हवं होतं.

आता सतराशेतनं लोकर, चिंचोके, किरकोळ असे २८० गेले तर उरले १,४२०, भागिले शहाऐंशी, तासाला साडेसोळा रुपये. आम्ही ठरवलं की निदान रोजगार हमीचा दर तरी धरू. २०२४-२५ चा आपल्या राज्यातला रोहयोचा दर दिवसाला २९७, आठ तासांच्या हिशोबानं शहाऐंशी तासांचे पावणेअकरा दिवस, म्हणजे ३,१९३, अधिक २८०, झाले ३,४७३. राउंड करून ३,५००. यात कारागिरीचा एक रुपया नाही हे लक्षात घ्या, ही फक्त माती उचलणाऱ्या माणसाला त्या वर्षी सरकार द्यायचं तेवढी मजुरी आहे. तरी काका आकडा बघून म्हणाले, “ह्या रेटनं कोण घेणार हाय ओ.”

मग ॲडव्हान्सचा विषय निघाला. फेअर ट्रेड म्हणजे न्याय्य व्यापाराची जी जागतिक संघटना आहे, वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन, तिची दहा तत्त्वं आहेत आणि त्यात हस्तकलेसाठी स्पष्ट म्हटलंय की कारागिरानं मागितलं तर निदान पन्नास टक्के रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यायची. आम्हाला हे फार पटलेलं, म्हणून मी उत्साहानं सांगितलं की काका आम्ही अर्धी उचल आधी देणार. काकांचा चेहराच पडला. “उचल नको. फेडायची कवा?” आमच्या भागात उचल म्हटलं की ऊसतोड आणि मुकादम, उचल घेतली की माणूस सीझनभर बांधला गेला आणि कधी कधी पुढचा सीझनही. एका शब्दानं सगळं अडलं. मी परत समजावलं की माल ठरला म्हणून आधी देतो, विकला नाही तरी परत मागणार नाही, माल आमचा. “मग इसार म्हणा की,” काका म्हणाले, आणि इसार ठरला. चौदा घोंगड्या आणायच्या, निम्मे पैसे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

ते पैसे आम्ही दिले नाहीत. एका व्यापाऱ्यानं बाजाराला मदत कबूल केली होती, ती वेळेत आली नाही, आम्ही आज येईल उद्या येईल करत बसलो आणि काकांना फोनवर सांगितलं की बाजारात बघू. काका “बरं” म्हणाले. त्या बरंचा अर्थ मला शनिवारी कळला.

शनिवार

सकाळी गर्दी चांगली होती. कैकाडी बाबांच्या टोपल्या बारा वाजायच्या आत संपल्या, तरवड आणि निरगुडीच्या फोकांच्या, १२० रुपयांना एक. लोक खूश, आम्ही खूश, आणि नंतर वहीत बघितलं तर किंमत बाबांनी सांगितली तीच घेतली होती, तिथं आम्ही तास विचारलेच नव्हते. झटपट संपलं म्हणजे स्वस्त लावलं होतं, एवढा साधा अर्थ होता त्याचा. फोक तोडायला बाबा पहाटे ओढ्याकाठी किती लांब जातात हे त्यांच्या नातवानं संध्याकाळी सांगितलं.

घोंगडीच्या स्टॉलवर मात्र लोक येत, हात फिरवत, “टोचतंय बे” म्हणत, पाटीवरचा आकडा बघत आणि पुढं जात. एकानं सांगितलं ऑनलाइन चारशेला ब्लँकेट मिळतं. मिळतं, खरं आहे, पानिपतला जुने लोकरीचे कपडे फाडून त्याच्या धाग्याची ब्लँकेटं बनतात ती स्वस्तच पडणार, त्यात नवी लोकर नाही की कातणारी मावशी नाही. दुसरं म्हणजे हे सोलापूर आहे. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, टेरी टॉवेलला आहे, घरटी कुणीतरी मागावर काम केलेलं, चादर कितीला पडते हे इथं शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. पण ती चादर पॉवरलूमची, आणि आपण नकळत हाताच्या कामाला त्याच मापानं मोजतो.

चारपर्यंत ३,५०० ला एकही गेली नाही. पाचला मी चहा घेऊन गेले तर ढिगात बाराच दिसल्या. काकांनी स्टॉलच्या मागं उभं राहून दोन घोंगड्या दोन दोन हजाराला दिल्या होत्या. आमच्यातला एक जण चिडला, “काका, असं केलं तर त्या पाटीला अर्थ काय राहिला?” काका शांतपणे म्हणाले, “पाटी तुमची हाय दादा. लोकर मी उधारीवर आणलीया, टेम्पोचं भाडं उधार हाय, सोमवारी दोघंबी दारात येत्याल.”

मला विचाराल तर काकांचं काहीच चुकलं नव्हतं. भाव पडतो तो बहुतेक वेळा माणसाला किंमत कळत नाही म्हणून नाही पडत, सोमवार जवळ आला म्हणून पडतो. आम्ही नोव्हेंबरात तीन तास बसून शहाऐंशी तास मोजले आणि इसार मात्र दिला नाही, म्हणजे ३,५०० हा आकडा आम्ही नुसता लिहून ठेवला होता, तो धरून ठेवायची ताकद काकांना दिली नव्हती.

त्याच संध्याकाळी गजीढोलाचंही तसंच. मंगळवेढ्याकडून चौदा जणांचा संच आलेला, आम्ही स्टेजवर त्यांना दहा मिनिटं दिली, उद्घाटनाची भाषणं चाळीस मिनिटं चालली. धनगरी ओवी दहा मिनिटांत होत नसते, बिरोबाचं नमनसुद्धा होत नाही तेवढ्यात. हुलजंतीच्या यात्रेत ज्यांनी हे ऐकलंय त्यांना माहितीय, ढोल आधी सावकाश चालतात, पाय जमिनीला ओळख देतात आणि मग ते गोल फिरणं चढत जातं. आम्ही त्यांना चढूच दिलं नाही. हलगीवाल्या पोरांनी थंडीनं कातडं सैल पडलं म्हणून कोपऱ्यात कागद पेटवून हलगी शेकायला घेतली तर कार्यालयाचा वॉचमन विझवायला धावला, त्याला समजावेपर्यंत त्यांचा नंबर निघून गेला. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, ढब्ब वाजते, हे कार्यक्रम ठरवताना वादकालाच विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

रात्री

साडेनऊला आम्ही दहा जण हुरड्याच्या आगटीभोवतीच बसलो. गोवऱ्यांची धग होती अजून, मंगळवेढ्याहून आलेल्या दादांनी उरलेली चार कणसं भाजून तळहातावर चोळून प्रत्येकाच्या हातात मूठभर दाणे दिले, सोबत शेंगाची चटणी. ही चटणी कडक भाकरीवाल्या ताईंनी उखळात कुटलेली, कुटून कुटून शेंगदाण्याला स्वतःचं तेल सुटतं आणि ती ओलसर गोळा होते, वरनं तेल घालावं लागत नाही. खाताना कुणी फारसं बोललं नाही.

दोन मतं होती. एक, किंमत २,५०० करा, माल जाऊ दे. दुसरं, किंमत तीच ठेवा पण आधी इसार द्या. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती. शेवटी वहीच मधे ठेवली. बारा घोंगड्या गुणिले ३,५०० म्हणजे ४२,०००, निम्मे २१,०००, दहा जणांत माणशी २,१००. सगळ्यांनी तिथल्या तिथं मला पाठवले, दोघांकडे नव्हते तर एकानं त्यांचे भरले. रात्री अकराला काका-मावशी जिथं मुक्कामाला होते तिथं जाऊन रोख दिले. पैसे मी काकांपुढं धरले. काकांनी मावशींकडं बघितलं, मावशींनी पदराला हात पुसून ते घेतले, मोजले, आणि म्हणाल्या, “उद्या चरखा मांडू का?”

चरखा टेम्पोत होता! त्या घेऊन आल्या होत्या आणि आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी दोन हजारांना गेलेल्या दोन घोंगड्यांचं काय, हाही विषय निघाला. माझं म्हणणं होतं की खर्चाच्या हिशोबानं प्रत्येकी १,४७३ कमी पडले, दोन्हीचे २,९४६, आणि हे आमच्या उशिरामुळे, तेव्हा ते आम्ही द्यायचे. सगळ्यांना पटलं नाही. मी वहीत देणं म्हणून लिहून ठेवलं.

रविवार

पाटी पुसली. किंमत खाली बारीक ठेवली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: धुणं, पिंजणं, ताणा, खळ १५ तास, कातणं ५० तास, विणणं २१ तास. त्याच्या शेजारी मावशी चरखा घेऊन बसल्या. डाव्या हातात लोकरीचा पेळू, उजव्या हातानं चाक, आणि तो काळा जाडसर धागा असा निघत होता की पेळू कुठं संपला आणि सूत कुठं सुरू झालं ते दिसतच नव्हतं. तुटला की बोट ओलं करून दोन टोकं एकत्र वळायच्या, की परत चालू. पोरं भोवती बसली ती उठेनात.

दुपारी सोलापूरच्या पूर्वभागातले, विणकरांच्या वस्तीतले, एक म्हातारे आजोबा आले, तेलुगू बोलणारे, आयुष्यभर हातमागावर काढलेलं. त्यांनी पाटी दोनदा वाचली, घोंगडीचा काठ अंगठा आणि बोटात धरून चोळला आणि काकांना विचारलं, “चिंचोक्याची खळ काय ओ?” काका म्हणाले हो. मग दोघं पाऊण तास बोलत बसले, खळ किती पातळ ठेवायची, पावसाळ्यात ताणा वाळत नाही तेव्हा काय करता, खड्ड्यात बसून गुडघे जातात ते, सगळं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आजोबाच समजावून सांगायला लागले, “बघ बे, शहाऐंशी तास लिवलेत, आमाला वारावर पगार व्हता तरी तास मोजून भांडायचो आमी.” टोचतं म्हणणाऱ्या एका ताईंना त्यांनी सांगितलं की चादर खाली घालून वरनं ही घ्या, आणि वापरत जाईल तशी ती मऊ होत जाते. त्या ताईंनी घेतली. आजोबांनी घेतली नाही, त्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते, जाताना काठावरनं परत एकदा हात फिरवला.

संध्याकाळपर्यंत सात गेल्या, सगळ्या ३,५०० ला. गजीढोलाला आम्ही चार ते साडेपाच वेळ दिला, स्टेज नको, पटांगणात मातीवर, आणि मानधन वाजवायच्या आधी. हलगीसाठी पत्र्याच्या घमेल्यात निखारे ठेवले, वॉचमनभाऊच त्याच्याजवळ उभे राहिले. ढोल चढले तशी कार्यालयाच्या कंपाउंडवर पोरं चढून बसली. सातव्या घोंगडीचं गिऱ्हाईक त्या गर्दीतनंच आलं.

लमाणी याडीच्या (याडी म्हणजे आई) स्टॉलचं थोडक्यात सांगते, कारण तिथं मला खंत आहे. आरशाचं, कवड्यांचं भरतकाम, फेटिया-काचळीच्या, म्हणजे लमाणी घागरा-चोळीच्या, जुन्या तुकड्यांवरनं त्यांनी पिशव्या, पाकिटं केली होती. फेअर ट्रेडची सुरुवात सांगतात तीसुद्धा भरतकामापासूनच, १९४६ साली एडना रूथ बायलर नावाच्या अमेरिकन बाईंनी पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम आपल्या गावी आणून ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मिळालाय. टाका तोच, बायका त्याच समाजाच्या, पण आपल्याकडच्या तांड्यावर ते काम म्हाताऱ्या बायकांच्या हातात उरलंय. याडीची विक्री बरी झाली, पण तिची नात दोन्ही दिवस स्टॉलवर बसून होती, ती म्हणाली मला हे येत नाही, आजीकडून शिकायला बसले तर तेवढा वेळ रोजगार बुडतो. शिकायच्या तासांचे पैसे कुणी द्यायचे? आमच्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

वहीतलं शेवटचं

रविवारी रात्री सात घोंगड्यांचे २४,५०० आले. त्यातले निम्मे, १२,२५०, काकांची बाकी म्हणून त्यांना दिले, निम्मे आमच्या दहा जणांच्या इसारात परत आले. काका-मावशी घरी गेले ते २१,००० इसार, १२,२५० बाकी आणि शनिवारचे ४,००० असे ३७,२५० घेऊन. पाच घोंगड्या आमच्याकडे राहिल्या, त्यात आमचे ८,७५० अडकले. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीत पाहुणे आले तेव्हा दोन गेल्या आणि प्रत्येकी १,७५० काकांना लगेच पाठवले. तीन अजून माझ्या कपाटात आहेत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्यात.

व्यापाऱ्याची मदत जानेवारीच्या अखेरीस आली. त्यातनं पहिले २,९४६ काकांना दिले, यावर तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं. उरलेली रक्कम बाजाराच्या खर्चात घालायची नाही, फक्त इसारासाठी वेगळी ठेवायची असं ठरलं, आणि पुढच्या वेळी ज्याला इसार पोचला नाही त्याचा स्टॉल लावायचाच नाही, बाजार पुढं ढकलायचा, हेही वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. कैकाडी बाबांच्या घरी मी फेब्रुवारीत जाऊन आले. एका टोपलीला फोक तोडण्यापासून साडेपाच तास लागतात. १२० भागिले साडेपाच किती होतात ते तिथंच बसून काढलं, तासाला बावीससुद्धा पडत नव्हते.

मार्चमधे काकांना फोन केला. कोकरांची पहिली लोकर, जावळ, मिळाली तर आठ घोंगड्या हव्यात, इसार उद्याच पाठवते, भाव काय धरू? पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग काका म्हणाले, “थांबा, हिला देतो. कातायचं तिचं हाय, तीच सांगंल.” मावशी फोनवर आल्या आणि म्हणाल्या की जावळ आखूड असतं, सारखं तुटतं, धा दिसांचं तेरा दीस धरा.